तिऱ्ह्याच्या पुलाखाली

रविवारी साडेपाचला स्कूटी काढते.
नान्ना मागे बसतात, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली दुर्बीण.
मंगळवार बाजारातली. डाव्या काचेला तडा आहे,
म्हणून एकाच डोळ्याने बघायचं.
पूर्वभागात एखाद्या बोळात रात्रपाळी अजून चालू असते,
पत्र्याच्या दाराआड खटखट खटखट.
मला ऐकू येते.
त्यांना नाही.
अडतीस वर्षं चार मागांच्या मधे उभे राहिले,
कान तिथेच ठेवून घरी आले.

मार्चात सीना तुकड्यातुकड्यांनी नदी असते.
इथे एक डबकं, तिथे हातभर ओल,
मधे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि वाळू.
पाणकणसाच्या बेटाजवळ आम्ही पोतं अंथरून बसतो.
समोर बेशरमीची जांभळी फुलं, एक फाटकी चप्पल,
आणि चपलेभोवती शेपटी हलवत फिरणारा पिवळा धोबी.
फाल्गुन लागला की तो रोज थोडा जास्त पिवळा होतो.
नान्ना म्हणतात, "रंगात दुसऱ्यांदा बुडवलाय."

पण आम्ही येतो ते शंकरासाठी.
चिमणीएवढा जीव, पाठीवरून अगदी मातकट,
आणि तोंड वळवलं की गळ्यावर निळं,
निळ्यात तांबूस, खाली काळी किनार, परत तांबूस.
"असली बॉर्डर," नान्ना बोटांनी हवेत धागे मोजतात,
"आमच्या डिझाइन मास्तरला कधी जमली नसती."
हुर्ड्याच्या दिवसांपासून तो इथेच आहे.
जायच्या आधी गातो, असं कुणीतरी त्यांना सांगितलंय.

"गातोय का?"
दर दहा मिनिटांनी.
मागच्या रविवारी मी कंटाळून म्हटलं, हो, गातोय.
त्यांनी दुर्बीण खाली केली नाही.
"गळा हलत नाहीये," एवढंच बोलले.
परत येताना जुन्या नाक्यापर्यंत
मी आरशात त्यांच्याकडे बघितलं नाही.

आज तो कणसाच्या वाळल्या दांड्यावर चढला,
शेपटी उचलली,
आणि गळ्यातलं निळं थरथरायला लागलं.
आधी कुणा दुसऱ्याच पक्ष्याची नक्कल,
मग किड्यासारखं किर्र,
मग बारीक घंटा, मग टक् टक् टक्,
मधेच थांबून, आठवून, परत पहिल्यापासून.

नान्ना माझ्याकडे बघत होते.
काय सांगू?
गोड म्हणू? गोड गूळही असतो.
त्यांचा तळहात ओढला, पालथा गुडघ्यावर ठेवला
आणि बोटाने वाजवत राहिले:
भराभर, भराभर, जरा सैल, दोन ठोके,
गप्प.
पुन्हा भराभर.
त्यांनी डोळे मिटले. इतक्या लांब येऊन
पक्षी समोर असताना डोळे मिटले.
मग म्हणाले,
"ही तर कांडी संपत आलीये.
शेवटचे चारसहा वेढे राहिले की धोटा असाच हलका वाजतो."

वरून एक ट्रक मंगळवेढ्याकडे गेला, पूल हादरला.
शंकर आत घुसला. दांडा हलत राहिला.

पुढच्या रविवारी बेटात कुणी नव्हतं.
आठ वाजेपर्यंत वाट पाहिली, ऊन पोत्यावर आलं.
शेतावरून भोरड्यांचा थवा एकदा वळला,
चादर झटकावी तसा, आणि उत्तरेला गेला.
नान्नांनी खिशातून वही काढली,
कारखान्यातली, लाल रेघांची,
एके काळी तिच्यात पिकं आणि मीटर भरायचे.
तारीख घातली. पुढे धोबी: हजर.
शंकर: खाडा.

पोतं मी झटकून घडी करायला घेतलं.
"थांब की," ते म्हणाले,
आणि दुर्बीण पुन्हा उजव्या डोळ्याला लावून
त्या रिकाम्या दांड्याकडे
बघत बसले.